बर्नआउट व मानसोपचार

बर्नआउट : नोकरी-व्यवसायातला ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही, म्हणजे येणारी शिणवट. रविवारी पोटभर झोप झाली तरी सोमवारी ती उतरलेली नसते; साध्या थकव्याहून तिचे वेगळेपण इथेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०२२ पासून लागू) तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती आटणे, कामावरून मन उडणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटना तिला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना म्हणते. त्यामुळे ‘तुमचे मनच कमकुवत’ असे सांगून कोणत्याही कचेरीला मोकळे होता येत नाही.

ही संज्ञा मानसशास्त्रात आणली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक हळूहळू विझत चाललेले त्यांनी पाहिले होते. सर्वांत मनापासून काम करणारी माणसेच आधी कोसळत होती. पुढे क्रिस्टिना मासलाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

उपचारांत बोधात्मक-वर्तनात्मक पद्धतींचा वापर मोठा आहे. त्यांतली अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना अधिक जवळची आहे. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार असलेले कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. घटना थेट भावना निर्माण करत नाही, मधला समज ती घडवतो, हे तिचे मुख्य सूत्र. बँकेतल्या एखाद्या अधिकाऱ्याचे तिमाहीचे टार्गेट हुकते आणि वरिष्ठ त्याला सर्वांदेखत झापतात. त्या रात्री तो अंथरुणात तळमळत असतो ते नुसत्या झापण्यामुळे नव्हे. ‘मला हे जमलेच पाहिजे होते, नाही जमले म्हणजे मी कुचकामी’ हे वाक्य आत चालू असते. एलिस ज्या हट्टी मागणीवर बोट ठेवतात, ती मराठीत ‘च’ या एका अक्षरात मावते, आणि मराठीत समुपदेशन करणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. ‘जमलेच पाहिजे’चे ‘जमावे अशी माझी फार इच्छा आहे’ करायला आठवडे लागतात. ‘कशावरून?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. जोडीला गृहपाठ असतो : रात्री नऊनंतर मेल न उघडणे, अंगावर पडणारे एखादे जादा काम स्पष्ट शब्दांत नाकारणे, आणि त्यानंतर आभाळ खरोखर कोसळते का हे पाहणे. टार्गेट हुकल्याची खंत या उपचाराने जात नाही, जाऊही नये. स्वतःला कुचकामी ठरवणे मात्र थांबते.

पण दोन माणसांचे काम एकावर लादलेले असेल तर विचार बदलून ते अर्धे होत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, ही जोडी सर्वांत ताणाची असते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. म्हणून चांगला समुपदेशक वेळापत्रक, रजा, वरिष्ठांशी करायचे बोलणे आणि गरज पडल्यास नोकरी सोडण्याचा विचार, हे सगळे समोर घेतो. केवळ ध्यानाची कार्यशाळा भरवून कामाचे तास तसेच ठेवणाऱ्या संस्थेने उपचार केला असे म्हणता येत नाही.

बर्नआउट आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. बर्नआउटचे धागे कामाशी बांधलेले असतात. उदासी रजेतही सोबत येऊ लागली, भूक-झोप बिघडली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारावरील उपचारांना शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देणे बंधनकारक आहे.