हॅपी बर्थडे जोशी!

गेल्या रविवारी घर आवरताना माळ्यावरच्या खोक्यात एक सीडी सापडली. कव्हरवर लिहिलेलं, उबुंटू ८.०४. हातात घेतली आणि थेट २००९ साल, आमचं बाळकुमचं घर आठवलं..

तेव्हा मी सहावीत. घरी एक्सपीवाला डबा. नाक्यावरून प्रिंट काढून आणली आणि पेन ड्राईव्हमधून पाहुणे आले. सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे, तसेच दिसणारे 'फोल्डर', जे खरं तर प्रोग्रॅम होते. क्लिक केलं की व्हायरस आणखी पसरणार. त्यात आजीच्या फोटोंचा फोल्डरही गेला. आजीला जाऊन तीनच महिने झाले होते. दुरुस्तीवाल्यानं शांतपणे सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल." बाबा काहीच बोलले नाहीत.

आता थोडा इतिहास, बरं का. जून १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, नाव 'जोशी'. कोणी लिहिला ते आजही गुलदस्त्यात, त्यामुळे तमाम जोशांनी निर्धास्त राहावं! ५ जानेवारीला मशीन चालू केलं की ते अडून बसायचं आणि म्हणायचं, 'हॅपी बर्थडे जोशी' टाईप करा. टाईप केलं की सुटका. गंमत वाटते, पण हा गडी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये राहायचा, म्हणजे डॉसच्या आधी तो मेमरीत हजर. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं तर रीबूट झाल्याचं नाटक करून तिथेच बसायचा. उपाय एकच: वीज बंद करायची आणि राईट-प्रोटेक्ट केलेल्या, स्वच्छ डॉस फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं.

म्हणजे काय, तर चोराच्या हातात घराच्या चाव्या असतील तर घरात बसून चोर पकडता येत नाही. आधी बाहेर यावं लागतं.

आमच्याकडे हे बाहेरून येणं डोंबिवलीच्या आतेभावानं, म्हणजे दादानं केलं. ही सीडी घातली आणि विंडोजला न उठवताच मशीन सुरू केलं. आजीचा फोल्डर समोर! व्हायरसनं तो पुसला नव्हता, फक्त 'हिडन' केला होता. ती खूण बघून फोल्डर लपवायचं काम विंडोज करायचं, उबुंटूनं तिकडे लक्षच दिलं नाही. आणि ते नकली फोल्डर विंडोजचे प्रोग्रॅम, त्यामुळे इथे नुसते पडून. दादानं फक्त फोटो कॉपी केले. नंतर फॉरमॅट मारला तो उबुंटू टाकायलाच. आई मागे उभी राहून सगळे फोटो बघत होती..

त्यानंतर कित्येक वर्षं मी "लिनक्सला व्हायरस लागत नाही" असं छातीठोकपणे सांगायचो. चूक. २ नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म युनिक्स मशीनवरच पसरला होता, आणि २०१६ च्या मिराईनं लिनक्सवर चालणारे कॅमेरे, राऊटर ताब्यात घेतले. आपण वाचलो कारण तो चोर आपल्या घराचा नव्हता, इतकंच.

आणि दरवेळी सीडी कामाला येतेच असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्यानं आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीत मर्स्क गटाच्या टर्मिनलचं कामकाज विस्कळीत केलं. हाही डिस्कच्या बूटच्या जागीच शिरायचा, जोशीसारखा. पण यानं फाईलींची यादीच एन्क्रिप्ट केली. लिनक्सनं बूट केलं तरी वाचणार काय? मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कची मुख्य माहिती शाबूत मिळाली ती घानातल्या एका सर्व्हरवर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. लोडशेडिंगनं वाचवलं, बोला!

असो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरी आई-बाबांचा जुना लॅपटॉप असेल तर लिनक्स जरूर टाकून बघा, पण आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा.

मी ती सीडी फेकली नाही. आजीचे फोटो मात्र त्याच रविवारी तिसऱ्या ठिकाणी कॉपी केले.