सनावळी आणि थिबा राजाचे गाव

वाचकहो, इतिहासाचा विषय निघाला की पुष्कळ पालकांची एकच तक्रार असते : "सर, मुलाला बाकी सगळे येते, पण सन काही पाठ होत नाहीत." यात मुलांचा दोष थोडाच आहे. १५२६ पानिपत, १७५७ प्लासी, १८५७ चा उठाव अशी सनावळी आपण त्यांच्यापुढे वाण्याच्या यादीसारखी ठेवतो. हे सारे कोठेतरी दूर घडले, आपल्या रत्नागिरीचा त्याच्याशी काय संबंध, असे मुलांना वाटले तर नवल नाही. म्हणून आज आपण दोनच सन घेऊ : १८५८ आणि १८८६.

१० मे १८५७ रोजी मीरतच्या शिपायांनी उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत पोहोचले. रमजानचा महिना चालू होता. ऐंशी वर्षे उलटलेल्या बहादूरशहा जफर यांना त्यांनी आपला बादशहा म्हणून पुढे केले. सप्टेंबरात दिल्ली पडली. इंग्रजांनी बादशहावर लाल किल्ल्यातच खटला चालवला आणि १८५८ साली त्यांना रंगूनला धाडले. १८५२ च्या युद्धापासून ते शहर इंग्रजांच्या ताब्यात होते. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तेथेच त्यांचा इंतकाल झाला. कबरीची खूण राहू नये म्हणून ती जमिनीशी सपाट करण्यात आली.

पुढे नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले व ब्रह्मदेशचा राजा थिबा यास पदच्युत केले. त्यास प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात! हेतू एकच : राजाची प्रजेपासून ताटातूट करणे. त्या काळी रत्नागिरीस रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली. प्रवास आगबोटीचा, आणि पावसाळ्यात तीही बंद. राजकैद्यासाठी याहून सोयीची जागा कोणती? १९१० साली राजा नव्या राजवाड्यात राहावयास गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये, तीस वर्षांच्या कैदेनंतर, येथेच वारला. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली. राजा मात्र आपल्याच मातीत राहिला.

जफर यांची खरी कबर १९९१ साली खोदकाम करताना सापडली. २०१२ च्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग त्या मजारीवर गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबा राजाच्या समाधीपाशी आले. जे इंग्रजांना विसरायला लावायचे होते, ते दोन्ही देशांनी आठवणीत ठेवले.

वाचकहो, सन म्हणजे नुसता आकडा नव्हे. ती कोणाच्या तरी कबरीवरची खूण असते. खूण पुसली की माणूसही हरवतो. तेव्हा येत्या सुटीत मुलांना थिबा राजवाडा व समाधी दाखवा आणि तेथे उभे राहूनच १८५८ व १८८६ सांगा. मग आपल्या गावच्या कबरस्तानात जा. जुन्या दगडावर कोरलेला हिजरी सन झिजण्यापूर्वी मुलांकडून वहीत उतरवून घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांचे सन आपण लिहिले नाहीत, तर ते दुसरे कोण लिहिणार?