व्हॉल्व्हचे पेडल मुके झाले तर...

भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातील सानगडीचा परिसर हा झाडीपट्टी रंगभूमीचा मुलूख. येथील रात्रभर चालणाऱ्या नाटकांत संगीत प्रत्यक्ष वाजवले जाते. वाद्याचा आवाज ऐन प्रयोगात गेला, तर दुरुस्तीचे दुकान शोधण्यास सवड नसते. गिटारसाठी घरी बांधलेल्या व्हॉल्व्हच्या पेडलमधील दोष कसा शोधावा, हे म्हणूनच वादकाने जाणून घेतलेले बरे.

अशा पेडलमध्ये बहुधा '१२एएक्स७' हा व्हॉल्व्ह असतो. युरोपात तो 'ईसीसी८३' या नावाने ओळखला जातो. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते.

पहिली खबरदारी जिवाची. काही पेडलमध्ये अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये टिकून राहतो. एक लाख ओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टर जोडून तो उतरवावा व मीटरने खात्री करावी. चालू स्थितीत मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवावा.

त्यानंतर पायाने दाबायचे बटण बंद करून पाहावे. तरीही गिटार ऐकू येत नसेल, तर दोष बटणात, जॅकमध्ये किंवा वायरमध्ये आहे. आवाज येत असल्यास व्हॉल्व्हची तार तांबूस उजळते का, ते पाहावे. चौथ्या व पाचव्या पिनमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर लागतात. शंभर मिलिअँपिअरचा अडॅप्टर येथेच कमी पडतो.

पुढची पायरी प्लेटची, म्हणजे पहिल्या व सहाव्या पिनची. पुरवठा २५० व्होल्ट, प्लेटचा रेझिस्टर एक लाख ओहम व कॅथोडचा दीड हजार ओहम असेल, तर प्लेटवर दीडशेच्या आसपास आणि कॅथोडवर दीड व्होल्ट मिळतात. प्लेटवर पूर्ण पुरवठा दिसल्यास व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही. कॅथोडचा रेझिस्टर तुटलेला असू शकतो. प्लेटवर शून्य असल्यास प्लेटचा रेझिस्टर तपासावा. प्लेटचा दाब फार कमी व कॅथोडचा जास्त असल्यास आधीचा कॅपॅसिटर गळत असण्याचा संभव असतो. बारा व्होल्टवरच चालणाऱ्या पेडलना मात्र हे आकडे लागू नाहीत.

गुणगुण पन्नास हर्ट्झची असेल, तर तापतारेच्या वायरी व अर्थिंग पाहावे. शंभर हर्ट्झची असेल, तर फिल्टरचा कॅपॅसिटर. शिट्टी वाजत असल्यास येणारी व जाणारी वायर एकमेकींपासून दूर न्यावी. लाकडी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद आला, तर व्हॉल्व्ह बदलावा. खरखर झाली, तर सॉकेट किंवा कच्चा डाख तपासावा.

घरगुती बांधणीत व्हॉल्व्हपेक्षा डाखच अधिक वेळा दगा देतो. त्यामुळे नवा व्हॉल्व्ह विकत घेण्यापूर्वी प्रत्येक जोड पुन्हा एकदा तापवून घेणे शहाणपणाचे.