अंड्याचे बंद दार

मी कामगार चळवळीतला माणूस. प्रयोगशाळेची पायरी कधी चढलो नाही. परंतु हातच्या कसबाची कोणतीही कथा मला परकी वाटत नाही.

उंदराच्या फलित बीजात परका जनुक बारीक सुईने सोडण्याची रीत 1980 च्या सुमारास साधली. मग कोंबडीपाशीच घोडे का अडले? कारण असे की, अंडे फलित झाल्यापासून घातले जाईपर्यंत एक दिवस जातो, आणि तेवढ्यात एका पेशीच्या हजारो पेशी होतात. अंडे हाती येते तेव्हा वेळ टळलेली असते.

पहिली वाट रोगानेच दाखविली. कोंबडीतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो, हे पेटन राउस यांनी न्यूयॉर्क येथे 1911 साली दाखविले. असा विषाणू आपले जनुक पेशीच्या जनुकांत रोवतो, हे पुढे कळले. तेव्हा या वाहकालाच हमाल करावे, असे ठरले. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतील ईस्ट लॅन्सिंगच्या संशोधकांनी विषाणूचे जनुक कोंबडीच्या वंशात उतरविले.

दुसरी वाट मार्गारेट पेरी यांची. एडिंबरो येथे 1988 साली त्यांनी एकपेशीय गर्भ कोंबडीच्या पोटातून काढून आधी काचपात्रात व मग दुसऱ्या अंड्यांच्या रिकाम्या कवचांत वाढविला. त्यातून जिवंत पिले निघाली. सुईला आता वेळेवर दार मिळाले. पुढे 2006 साली कॅलिफोर्नियात आद्य बीजपेशी बाहेर वाढवून, त्यांत जनुक घालून, त्या गर्भात परत सोडण्याची रीत सिद्ध झाली.

फळ काय? अशा कोंबड्यांच्या अंड्यांतून काढलेल्या, एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावरील औषधास अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली.

आपल्याला याचे काय? फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. शेडवर राबणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. एडिंबरो व लंडनच्या संशोधकांनी 2023 साली कोंबडीच्याच एका जनुकात फेरफार केला. विषाणूची मात्रा अल्प असता अशा दहांपैकी नऊ कोंबड्या बचावल्या; मात्रा वाढविताच निम्म्यांना लागण झाली. म्हणजे काम अपुरे आहे.

ते उद्या पुरे होईलही. परंतु ते वाण कोणाच्या मालकीचे, आणि शेडवरच्या मजुराला त्यात काय मिळणार, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. ते आपणच विचारले पाहिजेत, आणि वाण बाजारात येण्यापूर्वी विचारले पाहिजेत.