आठवड्याला एक पौंड

प्रगतिपुस्तकाच्या तळाशी वर्गशिक्षकाच्या शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडलेली असते. गेल्या वीस वर्षांत त्या ओळीवर 'घरी लक्ष दिले जात नाही' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याची गणती नाही. मुलगा गृहपाठ आणीत नाही, उपाशीपोटी येतो, दुसऱ्या तासाला पेंगतो, शेरा ठरलेला. लिहून झाला की शिक्षकाचे मन कसे हलके होते! दोष घराकडे गेलेला असतो.

हा शेरा माझ्या एकट्याचा नव्हे आणि आजचाही नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील शहाण्यासुरत्या लोकांनी आपल्या गरीब आयांना तोच दिला होता. फरक इतकाच की, तेथील काही बायकांनी तो खरा की खोटा, हे त्या आयांच्या घरी जाऊन तपासले. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

१८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले आणि सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण खुजे, किडक्या दातांचे, खपाटीच्या छातीचे निघाले. जगावर राज्य करणारे राष्ट्र दचकले. चौकशी समिती बसली. १९०४ साली तिचा अहवाल आला आणि त्यात अनेक कारणांबरोबर आयांच्या अज्ञानावरही बोट ठेवलेले होते. आईला स्वयंपाक येत नाही, बाळ कसे सांभाळावे हे कळत नाही, म्हणून प्रजा दुबळी! मग आयांसाठी वर्ग निघाले, उपदेशाची पत्रके निघाली. ओटची लापशी स्वस्त आणि पौष्टिक असते, हे तर गरिबांना कोणीही ऐकवावे.

वास्तविक दुसरे उत्तर तोवर छापून झालेले होते. चॉकलेटच्या कारखानदाराचा मुलगा सीबोम राउंट्री याने १८९९ मध्ये यॉर्क शहरातील ११,५६० कामगार कुटुंबांची घरोघर माहिती गोळा करविली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. नवराबायको आणि तीन मुले यांना नुसते धडधाकट राहायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्याने हिशेब मांडला. (त्या वेळी १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होत असे.) मजुराच्या आयुष्यात ओढगस्तीचे तीन फेरे येतात, हेही त्याने दाखविले: एक तो लहान असताना, दुसरा त्याची मुले लहान असताना, तिसरा म्हातारपणी. म्हणजे घरात पाळणा हलतो, तो नेमका डबा रिकामा असतो तेव्हाच.

पण आकड्यांच्या कोष्टकात आई दिसत नाही. ती दिसली लंडनच्या लॅम्बेथ भागात. फेबियन सोसायटीच्या महिला गटाने १९०९ ते १९१३ या काळात तेथील मजुरांच्या बायकांकडे दर आठवड्याला जाण्याचा परिपाठ ठेवला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला पुरेसे खायला मिळाले तर काय फरक पडतो, हे पाहायचे होते. या कामात पुढे होत्या मॉड पेंबर रीव्हज. १८९३ साली न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्या चळवळीतील ही बाई. निवडलेली कुटुंबे सर्वांत दरिद्री नव्हती. नवरे कामावर जाणारे, मिळकत आठवड्याला १८ ते ३० शिलिंग. आयांना खर्चाच्या वह्या दिल्या. काहींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या वह्या नवऱ्याने किंवा मुलांनी लिहिल्या. त्या वह्यांतून १९१३ साली जे पुस्तक झाले, त्याचे नाव 'आठवड्याला सुमारे एक पौंड' अशा अर्थाचे आहे.

त्या वह्या कादंबरीकाराने वाचाव्यात अशा आहेत. २४ शिलिंगांतले ८ शिलिंग भाड्यालाच जात. म्हणजे तिसरा हिस्सा. वर्षाला दोन हजार पौंड मिळविणाऱ्या श्रीमंताला घरासाठी आठवा हिस्सा पुरे, असे रीव्हजबाईंनी शेजारीच मांडून ठेवले आहे. स्वस्त खोली पाहावी तर ओल. कोरडी घ्यावी तर ताटातले कमी करावे लागे. श्रीमंताचा कोळसा घाऊक येई; हिचा थोडाथोडा, म्हणून महाग. मटण मुख्यतः नवऱ्याला, कारण तो कामावर टिकला तरच चूल पेटायची. मुलांना पाव आणि बटाटे.

आणि ती लापशी? ती आयांनी करून पाहिली होती. तिला ढवळत उभे राहावे लागे, भांडे एकच आणि तेही जुने, म्हणून ती करपे. दूध-साखरेला पैसे नसत. मुले तोंड फिरवीत. पाव मात्र चूल न पेटवता हातात देता येई. अज्ञान नव्हे, हिशेब होता तो!

या वह्यांतली एक नोंद मला विसरता येत नाही. बहुतेक घरांतून दर मुलामागे आठवड्याला एक पेनी विम्याला जाई. विमा कशाचा? ते मूल मेले तर त्याच्या दफनाचा. जिवंत मुलाच्या दुधातून तो पैसा काढावा लागे, कारण तसे न केले आणि मूल गेलेच, तर भिकाऱ्यासारखी माती द्यावी लागे. बाहेरचा माणूस याला उधळेपणा म्हणे. आईपुढे दुसरी वाट कोणती होती?

रीव्हजबाईंचा निष्कर्ष सरळ होता. या आयांना उपदेश नको, मिळकत हवी. आणि मुले राष्ट्राची असतील तर त्यांच्या पोटाचा भारही राष्ट्राने उचलावा. पुढे एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथातून हीच मागणी लावून धरली. १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. मूळ मसुद्यात पैसे बापाच्या हाती जाणार होते. रॅथबोन लढल्या आणि ते आईच्या हाती आले. पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येकामागे आठवड्याला ५ शिलिंग. ६ ऑगस्ट १९४६ पासून तो भत्ता मिळू लागला. तो पाहायला रॅथबोन नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्या वारल्या होत्या. भत्त्याने विषमता गेली असे नव्हे. पण आईला शेरा देण्याऐवजी पैसे द्यावेत, एवढे एका देशाने कबूल केले.

परवा प्रगतिपुस्तके भरताना एका नावापाशी माझे पेन थांबले. या मुलाची आई पहाटे चारला भाजीबाजारात जाते आणि धाकटीला शाळेसाठी तोच तयार करतो, हे मला त्याला दोन वर्षे शिकविल्यावर कळले. तेही त्या धाकटीकडून. मी त्याच्या घरी कधी गेलोच नव्हतो. लक्ष कोणाचे नव्हते?

ती ओळ मी कोरी ठेवली आहे. सुट्टीत त्याच्याकडे जाऊन येईन, मग लिहीन.