माळव्यातील बीड आणि तणमोर

आपल्या घराण्यांचा माळव्याशी संबंध जडला तो घोड्याच्या पाठीवरून. अठराव्या शतकात शिंदे, होळकर व पवार यांच्यात माळव्याच्या महसुलाची वाटणी झाली आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. फौज ठेवायची तर धान्याइतकीच गवताचीही तरतूद हवी. देशावर ज्याला आपण ‘कुरण’ म्हणतो, त्यालाच इकडे ‘बीड’ म्हणतात. राजवाडे, घाट व देवळे यांवर पुष्कळ लिहिले गेले; बिडाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले.

बिडाची रीत साधी होती. पावसाळा लागला की बीड बंद होई. गवत वाढून पिकले म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी होई, गंज्या रचल्या जात आणि मग उरलेल्या खुंटांवर गुरे सोडली जात. ही रीत चाऱ्यासाठी होती. परंतु तिचा लाभ तणमोरालाही झाला. माळव्यात खरमोर म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी जुलै ते सप्टेंबर या काळातच गवतात वीण करतो. नर गवतावर उंच उड्या मारून आपली हद्द जाहीर करतो. मादी जमिनीवरच अंडी घालते. विळा बिडात शिरेपर्यंत पिले बहुधा उडती झालेली असत. संस्थानिकांनी व इंग्रज अंमलदारांनी त्याची शिकार केली हे खरे; तथापि पक्षी टिकला, कारण गवत टिकले होते.

1970 नंतर सोयाबीन आले आणि पावसाळ्यात गवताखाली राहणारी जमीन नांगराखाली गेली. गावोगावची चरनोईही आक्रसली. 1983 मध्ये सैलाना व सरदारपूर येथे खरमोर अभयारण्ये झाली. सैलान्यातील ‘शिकारवाडी’ हे नावच जागेचा पूर्वेतिहास सांगते. सरदारपूरच्या हद्दीत मात्र शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्रीवर निर्बंध आले आणि पक्ष्याबद्दल आपुलकी वाटण्याऐवजी कटुता वाढली. आज तणमोर जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. दुसरीकडे, माळ गमावलेले काळवीट उभ्या पिकात शिरतात. 2025 मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून, पकडून त्यांना अन्यत्र न्यावे लागले.

पूर्वीचा काळ परत आणावा असे आम्ही म्हणत नाही. भूमिहीनाला मिळालेली जमीन हा त्याचा हक्कच आहे. मात्र जे बीड अजून उरले आहे, त्याच्या मालकाला पावसाळाभर गवत राखण्याचा मोबदला मिळावा आणि कापणीनंतर चराई खुली असावी. गुरे आणि तणमोर यांचे हित परस्परविरोधी नाही. दोघांना एकच माळ हवा असतो, फक्त निरनिराळ्या महिन्यांत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत, त्यांनी त्यांतील बिडांच्या व गवताच्या नोंदी अवश्य पाहाव्यात. कोणती जमीन किती काळ राखली जात होती, हे त्यांवरून कळू शकेल, आणि त्या माहितीचा उपयोग आजही होईल.