पाच गोळ्यांची कुळकथा

नगरहून पुण्याकडे निघालं की पारनेर तालुक्यातलं सुपा लागतं. डोंगरावर पवनचक्क्या, हमरस्त्याला लागून एमआयडीसी, बाजारपेठेत दवाखाने आणि औषधांची दुकानं. कामासाठी बाहेरून आलेली माणसं इथे खोल्या करून राहतात. त्यातल्या एखादीची पाळी चुकते, पदरात दोन लेकरं असतात, तिसरं नको असतं. शेजारीण कानात सांगते, ‘गोळ्या मिळतात, घेऊन टाक.’ कुठल्या गोळ्या, किती दिवसांपर्यंत, कोणाला विचारून, हे तिला बहुधा कुणी सांगत नाही. त्या गोळ्यांचं कूळ समजून घेतलं तर या प्रश्नांची उत्तरंही त्यातच सापडतात.

खोक्यातल्या पट्टीत पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. आज त्या शेजारीशेजारी बसल्या असल्या तरी जन्माने एकमेकींच्या कोणी नाहीत. त्यांची घराणी वेगळी, देश वेगळे आणि मुळातली कामंही वेगळी.

पहिली गोळी फ्रान्सची. पॅरिसजवळच्या रूसेल-युक्लाफ या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ट्यूच यांच्या गटाने १९८० साली एक संयुग तयार केलं. कंपनीच्या वहीतला त्याचा क्रमांक ३८४८६. त्यावरून त्याला ‘आरयू ४८६’ हे नाव पडलं. शोध चालला होता शरीरातल्या स्टिरॉइड संप्रेरकांना अडवणाऱ्या औषधाचा. हे संयुग प्रोजेस्टेरॉनलाही अडवतं असं दिसलं, तेव्हा कंपनीचे सल्लागार एतिएन-एमिल बोलिए यांनी त्याचा उपयोग कुठे होईल हे ओळखलं आणि पुढची अनेक वर्षं त्याचा पाठपुरावा केला. गर्भ धरून ठेवण्याचं काम प्रोजेस्टेरॉन करतं. त्याच्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड आणि रक्ताने पोसलेलं राहतं. त्याची वाट अडली की अस्तर सैल होतं. पारनेरच्या कोरडवाहू रानात वाफसा गेला की पेरलेलं बी तग धरत नाही, तसंच इथे घडतं.

सप्टेंबर १९८८ मध्ये फ्रान्सने या गोळीला परवानगी दिली. महिनाभरात विरोध इतका पेटला की कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. दोनच दिवसांत आरोग्यमंत्री क्लोद एव्हां यांनी ती परत आणण्याचा आदेश दिला. सरकारने मान्यता दिल्यापासून या औषधावर स्त्रियांचा नैतिक हक्क आहे, ते एकट्या कंपनीचं उरलेलं नाही, अशी त्यांची भूमिका होती.

उरलेल्या चार गोळ्या पोटाच्या अल्सरसाठी जन्मल्या. अमेरिकेतल्या सर्ल कंपनीच्या संशोधकांनी १९७३ साली प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचं हे औषध बनवलं. ते जठराच्या अस्तराला वाचवतं. पण तेच औषध गर्भाशयाला कळा आणतं आणि त्याचं तोंड मऊ करतं, म्हणून खोक्यावर इशारा छापला होता की गर्भवतींनी घेऊ नये. ब्राझीलमध्ये गर्भपाताला कायद्याने जवळपास बंदी होती. तिथे १९८६ साली हे औषध औषधांच्या दुकानांत आलं आणि बायकांनी तो इशारा वाचला. सुया आणि काड्या घालून घेऊन मरणाच्या दारात जाण्यापेक्षा ही गोळी बरी, हे एकीने दुसरीला सांगितलं. डॉक्टरांच्या लक्षात हा बदल नंतर आला. म्हणजे पाचांतल्या चार गोळ्यांचा हा उपयोग प्रयोगशाळेआधी गरजवंत बायकांनी हेरला. शास्त्राने पुढे दोन्ही औषधं एकत्र तपासली. आधी एक, मग दुसरं, असा क्रम लावला की गर्भपात खूपच खात्रीने पूर्ण होतो हे सिद्ध झालं.

हे झालं औषधाचं माहेर. सुप्यातल्या बाईपर्यंत ते ज्या वाटेने आलं, ती वाट मात्र बरीचशी महाराष्ट्रातून गेली आहे.

या वाटेची सुरुवात फार दुःखाची आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि कलम ३१२ ने खुद्द त्या बाईलाही आरोपी केलं. पुनर्विवाहाची सोय नसलेल्या विधवांपुढे काय उरत होतं? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशा बायकांना गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. १८८१ साली सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती पुढे कमी झाली. त्यावर समाजात बायकांनाच दूषणं दिली जाऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दोष दोघांचा असताना शिक्षा एकटीला का, असा रोखठोक सवाल केला. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. दिवस जाण्याआधीच्या उपायांबद्दल तरी उघड बोलणं सुरू झालं.

दिवस गेल्यानंतरचा प्रश्न सुटायला आणखी अर्धशतक गेलं. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका दगावत होत्या. केंद्र सरकारने १९६४ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. डिसेंबर १९६६ मध्ये समितीने अहवाल दिला. त्याच्या पायावर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा उभा राहिला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पण तेव्हा उपाय एकच होता: पिशवी साफ करणं. त्याला शस्त्रक्रियेची खोली, हत्यारं आणि प्रशिक्षित डॉक्टर लागत. हे सगळं खेड्यापासून लांब होतं. पुरंदर भागात ‘मासूम’ या संस्थेचं काम उभं करणाऱ्या मनीषा गुप्ते यांनी सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांच्यासह पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या बायकांशी बोलून १९९७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. बायकांना हवं होतं ते असं: गोष्ट बाहेर फुटू नये, नवऱ्याची सही मागू नये, कुणी हिडीसफिडीस करू नये. कायदा होऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी त्यांना एवढंही मिळत नव्हतं.

अशा ठिकाणी गोळ्या चालतील का, याचीही पारख झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. कुरुस कोयाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संशोधन रुग्णालयांच्या बाहेर, साध्या कुटुंबनियोजन केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयात ही पद्धत वापरून पाहिली. या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: नीट समजावून दिलं तर इथेही ती सुरक्षितपणे चालते. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, भारताने मिफेप्रिस्टोनला परवानगी दिली. २००३ च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात मान्य केला. २००८ च्या अखेरीस दोन्ही औषधं एका खोक्यात आली. पाच गोळ्यांचं कुटुंब झालं ते असं.

त्यानंतर महाराष्ट्रात या वाटेवर काटे पडले. २०१२ साली बीड जिल्ह्यातल्या परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उजेडात आलं. राज्य हादरलं आणि ते योग्यच होतं. पण कारवाईचा रोख या गोळ्यांवरही वळला. विक्रीच्या तपासण्या आणि कागदपत्रं इतकी वाढली की अनेक दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच बंद केलं. वास्तविक सोनोग्राफीत गर्भाचं लिंग बारा आठवड्यांच्या आधी भरवशाने दिसत नाही, आणि या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या आहेत. लिंगनिदान करणाऱ्याला पकडायला १९९४ चा वेगळा कायदा आहे. लवकर निर्णय घेणाऱ्या बाईची वाट अडवून मुली वाचत नाहीत. उशीर तेवढा वाढतो, आणि उशिरा केलेला गर्भपात जास्त धोक्याचा असतो.

गरज तर थांबलेली नाही. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासाने मांडला. त्यातले ८१ टक्के गोळ्यांनी झाले, आणि एकूण ७३ टक्के बायकांनी त्या कुठल्याही रुग्णालयाबाहेर घेतल्या. पोटात वेदना होत असताना हे ठीक चाललंय की बिघडलंय, हे सांगायला यातल्या कित्येकींजवळ कोणी नसणार.

म्हणून रीत नीट माहीत हवी. पाळी चुकली की लघवीची तपासणी करावी आणि डॉक्टरांकडे जावं. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत तर नाही ना, रक्त फार कमी तर नाही ना, तांबी बसवलेली तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि तो जिवावर बेततो. पहिली गोळी घेतल्यावर एक ते दोन दिवसांनी बाकीच्या चार, डॉक्टर सांगतील तशा. मग काही तासांत कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात. पुढे आठदहा दिवस थोडंथोडं अंगावर जात राहतं. शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक बायकांचं काम इथे पूर्ण होतं, उरलेल्यांना पिशवी साफ करावी लागते. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप हटला नाही, घाण वास आला, असह्य दुखलं किंवा चार गोळ्यांनंतर चोवीस तासांत रक्तच गेलं नाही, तर लगेच रुग्णालय गाठावं. पंधरवड्याने पुन्हा दाखवावं. पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. उलट दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस जाऊ शकतात. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी निराळी, ती गर्भ राहू नये म्हणून असते.

कायदाही बाईच्या बाजूने पुढे सरकला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ ही अट काढली, नियमांनी गोळ्यांची मुदत नऊ आठवडे केली आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक झालं. अविवाहितेलाही विवाहितेइतकाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला ठणकावून सांगितलं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. मुलगी त्याहून लहान असेल तर पालकाची संमती लागते.

सुप्यातल्या दुकानदारांना, दवाखान्यांना, आशाताईंना आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनाला माझी एकच विनंती आहे: हे बायकांना उघडपणे सांगा. आणि बाई, तुझी पाळी चुकली असेल तर आजच तपासणी कर, नऊ आठवडे फार लवकर सरतात. सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर मान्यताप्राप्त दवाखान्यात जा, पण पाठीशी डॉक्टर असू दे. ही मदत मागणं हा गुन्हा नाही, तो तुझा हक्क आहे.